बहिणीला अमरावतीला होस्टेलवर ठेवावं की बाहेर रूम करून द्यावी?

कपाशीचं_रान

नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यात राहतो, डांबरी रस्त्यापासून आत चार किलोमीटर. साडेचार एकर कोरडवाहू, कपाशी अन् तूर. लहान बहिणीचा अमरावतीच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला. बारावीच्या पुढं जाणारी ती आमच्या घरात पहिलीच.

प्रश्न राहण्याचा आहे. होस्टेलच्या यादीत तिचं नाव आलंय, पण वर्षाची फी, डिपॉझिट अन् मेसचा ॲडव्हान्स मिळून २४ हजार पुढच्या शुक्रवारपर्यंत भरायचेत. दुसरीकडं आमच्याच तालुक्यातल्या दोन मुली कॉलेजपासून सव्वा किलोमीटरवर रूम करून राहतात. भाडं ५,४०० आहे, तिघींत १,८०० पडतील, आगाऊ एका महिन्याचं.

आई म्हणते होस्टेल. बाबा म्हणतात ओळखीच्या पोरी आहेत तर रूम. बहिणीला विचारलं तर म्हणते, "तुम्ही ठरवाल ते." जे राहिलेत त्यांनी खरं काय ते सांगा.

तर्री_जास्त

होस्टेल. डोळे झाकून.

पूर्णाकाठचा

डोळे झाकून काहीच करू नका भाऊ. मी दर्यापूरकडचा, अकोल्याला तीन वर्षं रूमवर काढली. आमच्या गावात पाणी खारं, खारपाणपट्टाच तो. वाटलं शहरात तरी गोडं मिळेल. रूमच्या बोअरचं पाणी गावच्यापेक्षा खारं निघालं. नळ यायचा चार-पाच दिवसांनी, तो कधी पहाटे तर कधी ऐन प्रॅक्टिकलच्या वेळेला. आम्ही चौघं पाळी लावायचो. ज्याची पाळी त्याचं लेक्चर बुडायचं. सेकंड इयरला मॅथ्सचा माझा बॅकलॉग राहिला त्यात या पाळ्यांचा मोठा वाटा आहे, हे आज पंधरा वर्षांनीही छातीवर हात ठेवून सांगतो.

भाडं १,८०० दिसतं. त्यात लाइटबिल, पाण्याचे कॅन, गॅस, झाडू-फिनेल, दिवाळीपर्यंत फुटणारे दोन बल्ब हे सगळं धरा. सबमीटरचा युनिटला काय भाव लावतात ते आधी विचारा. आमच्याकडं मालक बोर्डाच्या भावापेक्षा बराच जास्त घ्यायचा अन् आम्हाला दुसऱ्या वर्षापर्यंत कळलंही नव्हतं.

रूमवर जायच्या आधी तिथं सकाळी सात वाजता एक चक्कर मारून या. सगळे घरमालक खोली संध्याकाळी दाखवतात. सकाळी गेलात की संडास किती जणींत एक आहे ते दिसतं.

रूमवाली_ताई

पूर्णाकाठचा, तुमचं म्हणणं पटलं, पण होस्टेलचं दुसरं अंगही लिहायला हवं. मी यवतमाळ जिल्ह्यातली. पहिलं वर्ष होस्टेलवर अन् पुढची तीन रूमवर राहिले.

मुलींचं गेट सात वाजता बंद व्हायचं. मुलांचं साडेदहाला. लायब्ररी रात्री नऊपर्यंत उघडी, म्हणजे ती कोणासाठी उघडी होती ते समजून घ्या. वर्कशॉपचं काम उशिरापर्यंत चाललं की आमच्या ग्रुपमधली मुलं थांबायची अन् आम्ही दोघी अर्ध्यातून उठून पळायचो. प्रोजेक्टमध्ये मुलांनी मशीनवर काम करायचं अन् मुलींनी रिपोर्ट टाइप करायचा, ही वाटणी कोणी ठरवली नव्हती, गेटच्या वेळेनं ठरवली. याचा मला आजही राग आहे.

रूमवर गेल्यावर मी सुटले. हातानं भाकर टाकली, बँकेत खातं उघडलं, मालकाशी भाडं वाढवण्यावरून भांडले. घरातली पहिली मुलगी म्हणून तिला जपावं वाटतं हे कळतं, पण जपणं म्हणजे कुलूप नव्हे.

माजी_रेक्टर

वीस वर्षं एका कॉलेजात शिकवलं, त्यातली सात मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. ताईंचा गेटच्या वेळेचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. आम्ही मीटिंगमध्ये मांडायचो तेव्हा उत्तर मिळायचं की पालकांनाच हे हवं असतं. म्हणून कपाशीचं_रान, होस्टेलच्या ऑफिसात गेलात की स्वतः विचारा, "लायब्ररी अन् लॅबसाठी उशिराची परवानगी कशी मिळते?" भावानं हे विचारलं तर त्याला वजन असतं, कारण बहुतेक भाऊ उलटंच विचारतात.

रॅगिंगची भीती आईंना असेल. यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाच्या मुलांना सिनिअर्सपासून वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायला सांगितलं आहे, अन् प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक दोघांचं प्रतिज्ञापत्र घेतात. चोवीस तासांची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. हा नंबर बहिणीच्या फोनमध्ये आजच टाकून द्या. त्याच नियमांत कॉलेजबाहेरच्या खाजगी होस्टेल अन् लॉजनी पोलिसांकडं नोंदणी करावी असंही आहे. खाजगी होस्टेल पाहत असाल तर हा प्रश्न विचारायला लाजू नका.

अन् एक आतली गोष्ट. पहिल्या दोन महिन्यांत ग्रामीण भागातली मुलं गळतात ती अभ्यास अवघड म्हणून नाही. वर्गात समजलं नाही हे सांगायला कोणी नसतं म्हणून. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री अकराला कोणीतरी ड्रॉइंगशीट घेऊन बसलेलं असतंच.

भेद्राची_चटणी

रेक्टर सर, कॉरिडॉरमध्ये रात्री अकराला आमच्याकडं पत्ते चालायचे. 🙂

माजी_रेक्टर

तेही पाहिलंय. पत्त्यांच्या त्याच अड्ड्यावर परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं थर्मोडायनॅमिक्स शिकवलं जायचं.

वरुडचा_संत्रा

अप-डाऊनचा विचार केला का भाऊ? मी दोन वर्षं केलं. मुलींना एसटीचा फुकट पास बारावीपर्यंतच आहे. पुढं विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. पैशाचा हिशेब केला तर याच्यासारखं स्वस्त काहीच नाही.

पण सकाळी साडेपाचले उठून फाट्यावर उभं रायचं. मुक्कामी गाडी आली तं आली. पावसाळ्यात नाल्याले पूर आला का त्या दिवशी घरीच. संध्याकाळी परत येता येता साडेसात, जेवून पुस्तक उघडलं का डोळे मिटते. तुमचं गाव तं रोडपासून चार किलोमीटर आत हाय. पोरीले हिवाळ्यात अंधारात तो रस्ता चालाव लागीन. नोका करू.

कपाशीचं_रान

वरुडचा_संत्रा, अप-डाऊन आम्ही सोडूनच दिलं होतं, तुम्ही लिहिल्यावर आईलाही पटलं.

रूमवाली_ताई, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण मोबाइल मागून घेऊन परत वाचला.

आता खरं अडलंय कुठं ते सांगतो. आपल्याकडं पैसा दसऱ्या-दिवाळीनंतर येतो. कापूस वेचणीला आला की. जुलैत बियाणं, खत, फवारणी, निंदण, सगळा पैसा मातीत गेलेला असतो. नेमकं तेव्हाच कॉलेज अन् होस्टेल वर्षाचे पैसे एकदम मागतात. महिन्याला १,८०० मी काढू शकतो, दुधाचे पैसे येतात. २४ हजार एकदम म्हणजे सावकार किंवा आईची पोत. म्हणून रूम स्वस्त वाटते. वर्षाचा हिशेब केला तर कदाचित नाहीच.

सेतूवाला

भाऊ, हे लिहिलं ते बरं केलं. माझं तालुक्याला सेतू केंद्र आहे, दर जुलैत तुमच्यासारखे पन्नास जण समोर बसलेले असतात. शांतपणे वाचा.

पहिली गोष्ट, शिकवणी फी. २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सच्या मुलींना ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) अन् एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) प्रवर्गात शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे. कॉलेजनं ते तुमच्याकडून भरून घेतलं नाही ना, ते पावतीवर बघा. होस्टेल अन् मेस त्यात येत नाही.

दुसरी, राहण्याचा पैसा. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिला नाही, म्हणून सगळेच सांगतो. अनुसूचित जाती अन् नवबौद्ध असाल तर स्वाधार योजना, अनुसूचित जमातीला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसी अन् भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून बाहेर राहावं लागणाऱ्यांसाठी या आहेत. स्वाधारमध्ये अमरावतीसारख्या ठिकाणी वर्षाला ५१ हजार: भोजन २८, निवास १५, निर्वाह ८. मुंबई, पुणे, नागपूरला ६०. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. साडेचार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, तहसीलचा अल्पभूधारक दाखला तुम्हाला मिळतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. हा पैसा जुलैत हातात येत नाही. अर्ज, पडताळणी, मग खात्यात. त्याच्या भरवशावर शुक्रवारची फी धरू नका. अन् शासकीय वसतिगृहाचा अर्ज न भरता थेट भत्ता मागायला येतात, तिथंच अडकतात. आधी वसतिगृहाचा अर्ज भरून ठेवा. भाडेकरार, बँक खात्याला आधार जोडलेलं, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा. जुना दाखला घेऊन आलेल्या पोरांना परत पाठवताना मला स्वतःला त्रास होतो.

पर्लकोटेपलीकडे

मी भामरागडकडचा. आमच्याकडं पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी, जग बंद. अप-डाऊन हा शब्दच आमच्या शब्दकोशात नाही. 🙂

मी आदिवासी वसतिगृहात राहून शिकलो. घरी माडिया बोलतो, शाळेत मराठी शिकलो अन् कॉलेजात गेलो तर पुस्तकं इंग्रजी. वसतिगृहात माझ्या खोलीत चौघं होते, दोघं एटापल्लीचे, एक कोरचीचा. रात्री आम्ही आमच्या भाषेत एकमेकांना फिजिक्स समजावून सांगायचो. रूमवर एकटा राहिलो असतो तर पहिल्या पोळ्यालाच घरी निघून आलो असतो अन् परत गेलोच नसतो. माझे दोन मित्र असेच परत आले.

मात्र पुढं मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायला सुरुवात झाली. पैसे उशिरा आले की पोरं एक वेळ जेवायची. म्हणून होस्टेल ठरवताना एक प्रश्न नक्की विचारा: मेस आतच आहे का, अन् ती चालवतो कोण, विद्यार्थी की ठेकेदार?

तर्री_जास्त

मेसचं नाव निघालं तर सांगतो. आमच्या मेसचं वरण एवढं पातळ की ताटात पोळी पोहायची. मग आम्ही मेस कमिटी केली, आळीपाळीनं भाजी आणायला दोघं-दोघं पहाटे मंडीत. त्याच पैशात रविवारी पाटोडी-रस्सा सुरू झाला. होस्टेल का, तर यासाठी.

घरमालकीण

मी वर्ध्याची. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, अकरा वर्षं विद्यार्थिनींना देते. इथं मालकांबद्दल बरंच लिहिलंय, म्हणून माझं लिहिते.

मी मुलींच्या आईवडिलांना आधी घरी बोलावते, चहा पाजते, त्यांच्यासमोर नियम सांगते. अकरा महिन्यांचा करार अन् पोलिसांत भाडेकरूची माहिती, या दोन गोष्टींना जो मालक नाही म्हणेल तिथं ठेवू नका. डिपॉझिटची पावती घ्या. खोली सोडताना काय कापणार ते करारात लिहून घ्या, तोंडी नको.

एकदा एका मुलीला रात्री दोनला अपेंडिक्सचं दुखणं उठलं. मी अन् माझ्या यजमानांनी स्कूटरवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. चांगल्या मालकाकडं मुलगी एकटी नसते. पण तीन मुलींनी मिळून भाडं भरायचं असेल अन् त्यातली एक दिवाळीला सोडून गेली तर उरलेल्या दोघींवर ५,४०० चा भार येतो, हे माझ्याच घरात घडलंय. कपाशीचं_रान, त्या दोघी कितव्या वर्षाला आहेत?

कपाशीचं_रान

काकू, एक बीएच्या शेवटच्या वर्षाला अन् दुसरी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोघीही पुढच्या उन्हाळ्यात निघणार. हे आम्ही लक्षातच घेतलं नव्हतं.

रावेवाली

मी बीएस्सी ॲग्री. आमच्याकडं बहुतेक सगळे होस्टेललाच. सातव्या सेमिस्टरला रावे असते, ग्रामीण कृषी कार्यानुभव, तेव्हा आम्हाला गावात राहायला पाठवतात. शहरातल्या मैत्रिणींची गावात रूम शोधताना जी धांदल उडाली ती पाहून मला वाटलं, आम्ही फर्स्ट इयरला शहरात आलो तेव्हा अगदी अश्शाच दिसत असू.

एक व्यवहारी गोष्ट. उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असतात. विदर्भातला मे महिना. होस्टेलमध्ये खोलीत कूलर लावू देतात का ते विचाराच. आमच्याकडं बंदी होती, ओली चादर खिडकीला बांधून पेपरचा अभ्यास केला. रूमवर कूलर लावता येतो, पण मग सबमीटर आहेच.

भेद्राची_चटणी

कूलर अन् खारं पाणी. दोन महिन्यांत वाळ्याच्या ताट्या पांढऱ्याफटक. पूर्णाकाठचा, बरोबर ना?

पूर्णाकाठचा

बरोबर. अन् पाण्याचा पंप जाम. दर वर्षी.

पापळचा_नातू

माझे वडील १९५० च्या सुमारास अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयात होते. पंजाबराव देशमुखांनी काढलेलं ते वसतिगृह. पंजाबराव आमच्याच पापळचे, पुढं ते देशाचे कृषिमंत्री झाले. वडील सांगायचे, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, अन् त्या काळात गावी जाऊन हे सांगायचीही सोय नव्हती. घरून शिधा यायचा, ज्वारी अन् तुरीची डाळ, तो सगळ्यांचा एकत्र शिजायचा.

खेड्यातल्या शेतकऱ्याचं पोर शहरात शिकायला आलं तर राहणार कुठं, हा प्रश्न त्यांना कॉलेजाइतकाच मोठा वाटला होता. आजही तो तसाच आहे. शिधा देऊन राहता यायचं, रोख लागायची ती कमी, ही गोष्ट कपाशीचं_रान यांची अडचण वाचून फार आठवली.

रूमवाली_ताई

नातू दादा, हे वाचून गलबलून आलं. कपाशीचं_रान, मी रूमच्या बाजूनं लिहिलं खरं, पण दोघी सिनिअर एका वर्षात जाणार असतील अन् त्यांचा कोर्स वेगळा असेल तर माझं मत बदललं. पहिलं वर्ष मीही होस्टेलवरच काढलं होतं अन् पुढं जिच्यासोबत रूम केली ती मला तिथंच भेटली.

पण बहिणीला काय हवंय? इथं सगळे बोलले, ती सोडून.

कपाशीचं_रान

नमस्कार, मी बहीण लिहीत आहे. दादाच्याच नावानं लिहिते.

मला होस्टेलला राहायचं आहे. सांगितलं नाही कारण यंदा दुबार पेरणी झाली अन् बियाण्याची उधारी अजून बाकी आहे हे मला माहीत आहे. रूमवरच्या ताया खूप चांगल्या आहेत, पण त्यांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग विचारता येणार नाही. माझ्याकडं लॅपटॉप नाही. होस्टेलला कॉम्प्युटर रूम आहे असं प्रवेशाच्या दिवशी एका सिनिअर ताईनं सांगितलं. आमच्या शाळेत मी एकटीच या बाजूला आले, त्यामुळं वर्गात माझ्या ओळखीचं कोणी नाही. रूमवाली ताईंनी गेटचं लिहिलं ते वाचून मी ऑफिसात स्वतः विचारणार आहे.

दुसऱ्या वर्षी आधार योजनेचे पैसे वेळेवर आले तर रूम करता येईल. आम्ही ओबीसी आहोत.

माजी_रेक्टर

ताई, छान लिहिलंस. आता पैशाचं. प्राचार्यांच्या नावानं एक पानी अर्ज लिही: वडील अल्पभूधारक, उत्पन्न खरीप पिकावर, फी दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी, पहिला हप्ता आता अन् दुसरा डिसेंबर अखेर. सातबारा अन् उत्पन्नाचा दाखला जोड. माझ्या सात वर्षांत असे अर्ज फार थोडे आले, अन् जे आले त्यातले बहुतेक मंजूर केले गेले. लोक मागतच नाहीत. टपालानं नको, सही घेऊन पोच घे. डिसेंबरऐवजी 'कापूस विकल्यावर' असं लिहू नकोस, तारीख लिही.

सेतूवाला

अन् सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज यंदापासूनच समजून घेऊन ठेव. नॉन क्रिमी लेअरचं प्रमाणपत्र आहे का? नसेल तर उद्याच ये, मोर्शीकडं तुमच्या भागात जे केंद्र असेल तिथं गेलीस तरी चालेल.

कपाशीचं_रान

(भाऊ) काल दोघं जाऊन आलो. अर्ज दिला, आधी बाबूंनी टाळलं, मग बहीण सरळ प्राचार्यांच्या केबिनबाहेर दीड तास बसली. १० हजार आता अन् उरलेले ३१ डिसेंबरपर्यंत, सही झाली. दहा हजार दुधाच्या डेअरीतून उचल घेतली. आईची पोत आईच्या गळ्यातच आहे.

गेट साडेसातला बंद. लायब्ररीसाठी रजिस्टरमध्ये सही करून नऊपर्यंत मिळतं, ते तिनंच विचारून घेतलं. मेस आत आहे, विद्यार्थिनींची कमिटी आहे. कूलरला बंदी आहे, ते मे महिन्यात बघू.

सोमवारी सामान घेऊन जातोय. काय काय न्यावं ते सांगा.

घरमालकीण

गादी विकत घेऊ नका. घरचा कापूस असताना पिंजाऱ्याकडून भरून घ्या. पण आधी होस्टेलच्या खाटेचं माप घ्या, त्या अरुंद असतात.

रूमवाली_ताई

कुलूप दोन. एक पेटीला, एक कपाटाला. अन् वाटीभर ठेचा.

वरुडचा_संत्रा

वाटीभर कायले, बरणीभर द्या. खोलीत चौघी असन.

कपाशीचं_रान

माप घेतलं. अडीच फूट रुंद आहे. मागच्या वर्षीचा सरकी काढलेला कापूस माळ्यावर होता, पिंजारी उद्या येतोय.